उघडा राहिलेला खटका

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि पांढरा हा माझा मूळचा रंग नव्हे. मी हिरवी होते. आता घाटातल्या तिसऱ्या वळणावर एका खांबाला मला साखळदंडाने बांधून ठेवले आहे. माझा चिमटा वाकला आहे, पुढचे चाक पार वेडेवाकडे झाले आहे आणि चेन गंजून दगड झाली आहे. येणारेजाणारे थांबतात, हँडलला फुले अडकवतात, छातीवर क्रूसाची खूण करतात आणि निघून जातात. काय झाले होते, हे मला कुणी विचारत नाही. सायकलीला कोण विचारणार! म्हणून आपणहून सांगते.

माझा जन्म दुइतामा गावात कुस्तोदिओ म्हाताऱ्याच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, एक गॅसची बत्ती आणि भिंतीला टेकवलेल्या पोलादी नळ्या. म्हातारा नळ्या स्वतः कापायचा, पितळ वितळवून सांधायचा आणि सांधा गार होईपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचा नाही. त्याने मला शर्यतीत उतरणाऱ्या एका पोरासाठी घडवले होते. त्या पोराने मला दोन मोसम पिटाळले. मग त्याला कार्बनची सायकल मिळाली आणि मी परत म्हाताऱ्याच्या भिंतीवरच्या खुंटीला आले. तिथे इतकी वर्षे लटकले की कोळ्यांनी माझ्या तारांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या संसार केले.

मला खाली उतरवले ते एलिएसेर पेद्रासाने. तो सोगामोसोजवळच्या वीटभट्टीवर कामाला होता. कारखान्याची मागची भिंत ढासळली, तेव्हा ती बांधायला म्हाताऱ्याने त्याला बोलावले होते. भिंत उभी राहिली आणि एलिएसेरने मजुरीऐवजी माझ्याकडे बोट दाखवले.

"ही? ही शर्यतीची आहे बाबा. तुला नाही झेपायची," म्हातारा म्हणाला.

"मी तिला झेपलो म्हणजे झालं," एलिएसेर म्हणाला.

खरे सांगते, त्या दिवशी मला पुन्हा जन्म मिळाला. शनिवारी संध्याकाळी तो मला अंगणात उलटी करायचा आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने माझी चेन साफ करायचा. त्याची बायको आर्सेलिया दारातून म्हणायची, "एवढं माझ्या चुलीकडे बघितलं असतं तर सोन्याची झाली असती हो ती!" तो हसायचा आणि ब्रश चालूच ठेवायचा. विटांनी सोललेली ती बोटे माझ्यावर फिरायची, तेव्हा लोणी लावल्यासारखी हलकी व्हायची. असे लाड आधी कुणी केले नव्हते.

रविवारी आम्ही घाट चढायला जायचो. सोबत सातुर्निनो असायचा. तो गावातला न्हावी आणि एलिएसेरच्या मुलीचा धर्मपिता. त्यामुळे तो आर्सेलियाला कोमाद्रे म्हणायचा, दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे आणि त्या नात्याच्या जोरावर एकमेकांची यथेच्छ टर उडवायचे. न्हाव्याची जीभ वस्तऱ्यासारखी चालायची. चढावर तो नेहमी पुढे असायचा, आणि आम्ही धापा टाकत माथ्यावर पोहोचलो की तो दगडावर ऐसपैस बसलेला दिसायचा.

"या, या, कोंपाद्रे! मी इथं बसून दाढी केली, ती पुन्हा वाढलीसुद्धा."

एलिएसेर हसून सोडून द्यायचा. पण त्याचा हात माझ्या हँडलवर आवळला जायचा, ते मला कळत होते.

त्या वर्षी व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यत पहिल्यांदाच आमच्या घाटातून जाणार होती. तिच्या आदल्या दिवशी तोच रस्ता, तोच चढ, तोच उतार सामान्य हौशी लोकांसाठी खुला होणार होता. ज्याच्या पायात बळ असेल त्याने यावे, अंगावर नंबर लावावा आणि पलीकडच्या गावापर्यंत जावे. त्यानंतर परत माथ्यावर येऊन रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी खरे शर्यतवाले जाताना बघायचे, असा दोघांचा बेत होता. भट्टीवर, सलूनमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे हाच विषय.

"पदक मिळालं तर गळ्यात घालून भट्टीवर येशील ना?" कुणीतरी एलिएसेरला विचारले.

"पदक घाला चुलीत. मला फक्त एकदा या न्हाव्याच्या आधी पोचायचंय. एकदाच."

तो हे हसत म्हणाला, पण त्यात थट्टा नव्हती. एवढीच त्याची इच्छा होती. ती मोठी नव्हती, हे तुम्हीही कबूल कराल.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा आभाळ खाली आले होते. चढ सुरू होण्याआधीच, पुलापाशी माझे पुढचे चाक एका खड्ड्यात आदळले. एक तार तुटली आणि चाक आऊट झाले. दर फेरीला चाकाची रिम त्या ब्रेकच्या रबराला घासू लागली, खस्स, खस्स. आधीच घाट, त्यात हे लोढणे. सातुर्निनो पुढे गेला होता, पण मागे वळून आला. तो मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

आता इथे नीट लक्ष द्या. शर्यतीच्या सायकलीच्या ब्रेकला बाजूला बोटाच्या पेराएवढा एक खटका असतो. तो वर केला की दोन्ही रबरे फाकतात आणि चाक सहज काढता येते. खाली केला की ती पुन्हा रिमजवळ येतात. आमच्याकडचे घाट चढणारे लोक चाक घासायला लागले की हा खटका उघडा टाकतात आणि उतार लागायच्या आधी बंद करतात. सगळेच करतात. कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

"पुढचा ब्रेक उघडा टाक," सातुर्निनो म्हणाला. "चढाला ब्रेक कशाला लागतोय?"

"आणि विसरलो तर?"

"वर पोचलं की मी आठवण करतो. तुझ्याआधी मीच तिथं असणार की नाही!"

एलिएसेरने खटका वर केला. घासणे थांबले. आणि मित्रांनो, मग आम्ही जे सुटलो! त्याच्या पायांत कुठून बळ आले कोण जाणे. मलाही चेव आला. अर्ध्या चढावर आम्ही सातुर्निनोला गाठले आणि मागे टाकले. बोलायला त्याच्याकडे श्वासच उरला नव्हता. रस्त्याच्या कडेला उद्याची शर्यत बघायला आलेल्या लोकांनी तंबू ठोकले होते, शेकोट्या पेटवल्या होत्या. रुआना, म्हणजे लोकरीची घोंगडी, पांघरलेल्या म्हाताऱ्या ओरडत होत्या, "हाण रे! हाण हिरव्या!" ते मला म्हणत होत्या की त्याला, कोण जाणे. मला मात्र वाटले, मलाच.

माथ्यावर धुके होते आणि बारीक भुरभुर सुरू झाली होती. आर्सेलिया थर्मासमध्ये गुळाचे गरम पाणी घेऊन उभी होती. सोबत चीजचे तुकडे, पानात बांधलेली पेरूची वडी आणि काखेत वर्तमानपत्र. उतारावर वारा छातीत भरू नये म्हणून जर्सीच्या आत कागद कोंबायची आमच्याकडची रीत आहे. मोठमोठे शर्यतवालेही तेच करतात.

"आर्सेलिया! न्हावी मागे आहे! मागे आहे तो!"

"कळलं हो, अख्ख्या डोंगराला कळलं. आधी हे प्या."

त्याने दोन घोट घेतले. आर्सेलियाने कागद त्याच्या जर्सीत सरकवला. आणि मग तो वाकला. मित्रांनो, तो वाकला होता! त्याचा हात माझ्या पुढच्या ब्रेककडे येत होता. मी ते पाहिले आहे.

"अहो, सरळ उभे राहा बघू! पेपर सगळा खाली येतोय. छाती उघडी पडली तर रात्रभर खोकत कोण बसणार, मीच ना?"

तो सरळ झाला. तिने कागद नीट बसवला, जर्सीची चेन वर ओढली, गालावरचा चिखल आपल्या रुआनाच्या टोकाने पुसला. तेवढ्यात धुक्यातून सातुर्निनो वर आला. तोंड उतरलेले, ओठ काळेनिळे.

"या, या, कोंपाद्रे!" एलिएसेर ओरडला. "माझी दाढी वाढली बघ!"

"जा, जा. फार फुशारकी नको. खाली धरतो तुला," सातुर्निनो फणकारला आणि त्याने तोंड फिरवले.

एवढेच बोलला तो. एलिएसेरने माझ्यावर टांग टाकली.

मला सगळे आठवत होते. पण आम्हाला तोंड नसते. साध्या सायकलीला निदान घंटी असते. शर्यतीच्या सायकलीची तीही वजन नको म्हणून काढून टाकतात.

पहिले वळण सोपे होते, तिथे ब्रेक लागलाच नाही. दुसऱ्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबला आणि पुढच्या ब्रेकची मूठ सरळ हँडलला जाऊन टेकली. "अरे," तो म्हणाला. फक्त तेवढेच. मग मागचा ब्रेक करकचून दाबला. ओल्या रस्त्यावर माझे मागचे चाक घसरले, सावरले, पुन्हा घसरले. तेव्हा त्याला आठवले. त्याने एक हात सोडला, वाकून खाली घातला आणि चालत्या चाकाशेजारी तो खटका शोधू लागला. त्याचे बोट खटक्याला लागले होते. अजून एक क्षण मिळाला असता तर खटका खाली बसला असता.

पण तिसरे वळण आले. मी कठड्यावर आदळले आणि अलीकडे राहिले. तो पलीकडे गेला.

मी त्याला वाचवू शकले नाही. हे दुःख माझ्या पोलादात मुरले आहे.

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. ती काय थांबते थोडीच! पहाटे रस्ता धुतला, वर लाकडाचा भुसा टाकला आणि मला बाजूला कठड्याला टेकवून ठेवले. दुपारी मोटारी गेल्या, मोटरसायकली गेल्या आणि मग सर्रकन तो रंगीबेरंगी घोळका गेला. त्यांच्या जर्सीतही कागद होते. कुणीतरी फेकलेली पाण्याची बाटली माझ्यापाशी येऊन पडली आणि ती उचलायला चारपाच जणांची झोंबाझोंबी झाली. सातुर्निनो समोरच्या बाजूला उभा होता. शर्यत त्याच्या नाकासमोरून गेली आणि तो माझ्याकडेच बघत राहिला.

अंत्यविधीला लोक काय बोलले, ते मी मागाहून ऐकले. "वय विसरला." "उतारावर मस्ती केली." "घरी बायकोपोर असताना अशी हुंदडतात का माणसं?" पोलिसांनीही वेग जास्त होता असेच ठरवले. आर्सेलियाला हे सगळे मान खाली घालून ऐकावे लागले. मेलेल्या माणसाला बोल लागला आणि तो घरात येऊन बसला.

सायकलस्वाराचा जिथे जीव गेला तिथे त्याची सायकल पांढरी रंगवून बांधायची, अशी पद्धत आहे. ते काम सातुर्निनोने अंगावर घेतले. सलूनच्या मागे त्याने मला स्टुलावर उलटी ठेवली आणि मागच्या चाकापासून रंगवत रंगवत पुढे आला. पुढच्या ब्रेकपाशी त्याचा ब्रश थांबला.

खटका वर होता.

तो बसला तो उठेचना. ब्रशवरचा रंग वाळून गेला. मग अर्धी हिरवी, अर्धी पांढरी अशी मला खांद्यावर घेऊन तो थेट आर्सेलियाच्या दारात गेला. ती पायरीवर वाटाणे सोलत होती.

"कोमाद्रे, त्याने मस्ती केली नाही. त्याच्याकडे ब्रेकच नव्हता."

"काय?"

"मीच उघडा टाकायला लावला होता. वर आठवण करतो म्हणालो होतो. पण तो माझ्याआधी पोचला, आणि माझ्या डोक्यात असा राग भरला... दुसरं काही आठवलंच नाही."

आर्सेलियाने वाटाणे बाजूला ठेवले. "कुठे असतो तो? दाखवा."

त्याने दाखवला. तिने बोटाने खटका खाली केला, वर केला, पुन्हा खाली केला.

"इतकासा?"

सातुर्निनो रडत होता. ती रडली नाही. खटक्यावरचे बोट न काढता ती एकदम म्हणाली, "वाकले होते हो ते. मला वाटलं, बूट बघतायत. मीच त्यांना सरळ उभं केलं."

त्याने तिला दोष दिला नाही, तिनेही त्याला दिला नाही. तेवढ्याने ओझे काही कमी झाले नाही. शेवटी सातुर्निनोने ब्रश उचलला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"खटका परत वर करून ठेवा. आणि तेवढा पांढरा करू नका. लाल करा. ते कशाने गेले, हे दिसू दे लोकांना."

म्हणून मी अशी आहे. सगळी पांढरी आणि एक खटका लाल. सातुर्निनो अजूनही रविवारी घाट चढतो. माथ्यावर बसत नाही, कुणाशी बोलत नाही. त्याचे दोन्ही ब्रेक उत्तम आहेत, तरी उतरताना तो सायकलवर बसत नाही. ती हातात धरून, चालत, माझ्यासमोरून खाली जातो.

मित्रांनो, तुम्ही सायकल चालवत असाल तर तिला धुवा, तेल द्या, तिचे लाड करा. ते सगळे चांगलेच आहे. पण उतार लागण्याआधी थांबा आणि दोन्ही ब्रेक हाताने दाबून बघा. घाई असेल तर जरूर बघा. आणि माथ्यावर कुणी आपल्या सायकलपाशी वाकलेला दिसला, तर तो तुमचा कितीही लाडका असला तरी, त्याचे काम होईपर्यंत त्याला हाक मारू नका.