सेन्सरच्या तीन शीट

वर्षालीने चाकणच्या त्या प्रेसशॉपमध्ये नऊ वर्षं एकाच कॉम्प्युटरवर काढली, आणि तो कॉम्प्युटर नऊ वर्षांत टेबलावरून वीतभर हलला नाही. मेंटेनन्सच्या सगळ्या फायली सर्व्हरवरच्या एका शेअर्ड फोल्डरात असायच्या. जी रोज लागते ती राइट क्लिक करून आपल्या स्क्रीनवर पाठवायची, डबल क्लिक केलं की उघडते. ती फाइल खरोखर आपल्याकडे आहे की तिकडे सर्व्हरवर, याची पंचाईत कोण करत बसतो? तिला कुणी सांगितलं नाही, तिने कुणाला विचारलं नाही. डिपार्टमेंटमध्ये सगळेच तसं करायचे.

मग कंपनीने जुनी धुडं काढली आणि हलके लॅपटॉप वाटले. वहीएवढा पातळ, पर्समध्ये मावेल असा. वर्षालीला मोठं अप्रूप वाटलं. दोन महिने ती तो मोशीच्या घरी नेत होती, आणत होती, पण घरी कधी उघडला नव्हता. स्वयंपाक, पोरीचा अभ्यास, वेळ कुणाला होता?

तो उघडायची वेळ आणली मालोजीने. म्हणजे त्या बिचाऱ्याने काय आणली, त्याच्यावर आली. मालोजी चाकणजवळच्याच गावचा, शेती जेमतेम, पंधरा वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर. प्रेससमोर एक सेन्सर असतो. माणसाचा हात आत असला की प्रेस खाली येत नाही. तो सेन्सर बिघडला होता. दर आठवड्याच्या तपासणीची शीट वर्षालीच भरायची, आणि तिने लागोपाठ तीन आठवडे लिहिलं होतं: सेन्सर काम करत नाही, प्रेस बंद ठेवावा. साहेब म्हणाले, डिस्पॅच होऊ दे, मग बघू. चौथ्या आठवड्यात मालोजीच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

दुसऱ्याच दिवशी नवा सेन्सर बसला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हाच. आणि वर चोराच्या उलट्या बोंबा! चौकशीत कंपनीने लिहून टाकलं की काम भराभर उरकावं म्हणून मालोजीनेच चिकटपट्टी लावून सेन्सर बंद केला. म्हणजे दोष त्याचा, नोकरी गेली, आणि गावात ‘स्वतःच्या हाताने हात घालवला’ म्हणून नाव झालं ते वेगळंच.

वर्षालीला हे गिळवेना. तीन शीट तिच्या हातच्या होत्या. त्या वकिलाकडे पोचल्या असत्या तर कंपनीला तोंड उघडायला जागा उरली नसती. पण न्यायच्या कशा? मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पेनड्राइव्ह चालत नाही, प्रिंट काढली तर साहेबांच्या टेबलासमोरून आणावी लागते, बाहेर मेल पाठवला तर त्याची प्रत साहेबांना जाते. बाहेर जाऊ शकत होता तो फक्त लॅपटॉप. बुधवारी शिफ्ट सुटताना तिने त्या तीन शीट नेहमीसारख्या स्क्रीनवर पाठवल्या. एकेक उघडून पाहिली. तिन्ही उघडल्या. गेटवरच्या माणसाने पर्समध्ये बघितलं आणि जा म्हणाला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. पिंपरीत दीक्षा नावाच्या वकीलबाई होत्या, कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या. मालोजी आणि त्याची बायको छबूबाई आधीच येऊन बसले होते. मालोजीने धुतलेला शर्ट घातला होता आणि उजवा हात गमछ्याखाली ठेवला होता. वर्षालीने लॅपटॉप उघडला. तिन्ही फायलींची नावं समोर होती, तारखेसकट. तिने क्लिक केलं. थोडा वेळ गोल गोल फिरत राहिलं आणि मग आलं, की नेटवर्कवर ही जागा सापडत नाही. दुसरी, तेच. तिसरी, तेच. वकीलबाईंनी आपलं वायफाय लावून दिलं. तरी तेच.

तिचं डोकं चालेना. तिने बाहेर जाऊन कंपनीच्या आयटीतल्या प्रज्वलला फोन लावला. मागच्या राखीपौर्णिमेला तिने त्याला राखी बांधली होती, त्या भरवशावर. कोणत्या फायली हव्यात तेही सांगून बसली. हीच तिची दुसरी चूक. प्रज्वल हळू आवाजात म्हणाला,

“ताई, त्या फायली तुझ्याकडे कधी नव्हत्याच. तू आणलास तो नुसता तिथे जायचा रस्ता. आणि तो रस्ता कंपनीच्या भिंतीबाहेर चालत नाही.”

पाठवशील का, असं तिने विचारलं. त्याने फोन ठेवला.

वकीलबाई भल्या. म्हणाल्या, ठीक आहे, कागद नसला तरी ज्याने लिहिलं तो माणूस तर आहे. पुढच्या बुधवारी सुनावणीला येऊन तोंडी सांगाल? नोकरी जाणार हे वर्षालीला कळत होतं. घराचा हप्ता, पोरीची शाळा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तरी ती येते म्हणाली. छबूबाईने तिचे दोन्ही हात धरले आणि ओक्साबोक्शी रडली. आयुष्यात एकदा आपण धड वागलो, असं वर्षालीला त्या दिवशी घरी जाताना वाटलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी तिने जागेवर बसून शेअर्ड फोल्डर उघडलं. इथे काय, पटकन उघडलं. तीन शीट होत्या. तीच नावं, त्याच तारखा. तिने पहिली उघडली. ‘सेन्सर चालू, दोष नाही.’ दुसरी उघडली. ‘सेन्सर चालू, दोष नाही.’ तिसरीतही तेच, आणि तिन्हींच्या खाली तयार करणाऱ्याचं नाव: वर्षाली. ते नाव मात्र तिनेच टाइप केलेलं होतं, आठवड्याच्या आठवड्याला, इमानेइतबारे. त्या फोल्डरात सगळ्या डिपार्टमेंटला हात घालता येत होता. कुणी बदललं ते कसं कळणार? प्रज्वल दिवसभर तिच्या टेबलाच्या बाजूला फिरकला नाही, त्यातच काय ते कळलं.

शिफ्ट सुटल्यावर लॉकरमधून मोबाइल घेऊन तिने वकीलबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, आता तुम्ही उभ्या राहिलात तर कंपनी तुमचीच शीट तुमच्यासमोर धरेल. नका येऊ. मालोजीलाच मारक होईल.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती तशीच रिक्षा करून मालोजीच्या घरी गेली. छबूबाईने पाणी दिलं, चहा टाकला. वर्षालीने काही न लपवता सगळं सांगितलं, प्रज्वलला फोन केला तो आपला गाढवपणा होता हेसुद्धा. माफी मागितली. मालोजी खाटेवर बसून ऐकत होता. चहावर साय धरली.

“ताई, तुमी तीन येळा लिवलं व्हतं ना, सेन्सर बंद हाय म्हनून?”

ती हो म्हणाली.

“आन् आता तितं चालू हाय आसं लिवलंय. तुमच्या नावानं.”

ती पुन्हा हो म्हणाली.

मालोजी उरलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर वर्षालीला सोसवला असता.

“तवा काय झालं ते मला नीट आठवत बी न्हाई. मग मीच लावली आसंल का वो ती पट्टी?”

नाही, दादा, असं ती म्हणाली. देवाशपथ नाही, मी स्वतः तपासला होता, सेन्सर बंदच होता. तिने दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग छबूबाईकडे वळून तोच प्रश्न तिला विचारला.