गावकीचा सूट

मित्रांनो, आधी हात दाखवा. पालथे नव्हे, तळवे. तेलकट नाहीत ना? बोटांना फणसाचा चीक नाही ना? मग या जवळ. राग मानू नका, माझा स्वभावच संशयी आहे, आणि तो तसा का झाला हे ऐकलंत तर तुम्हीही मला नावं ठेवणार नाही. मी एक जुना सूट आहे. रंग गडद निळा, कोटाला दोन बटणं, खाली त्याच कापडाची पँट. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या समाजमंदिरात एका पत्र्याच्या पेटीत मी राहतो. माझ्या पायाशी काळ्या बुटांचा एक जोड असतो. तो मुखदुर्बळ आहे, म्हणून आम्हा दोघांचं मलाच सांगावं लागतं.

माझी पहिली आठवण महाडच्या बाजारातल्या एका कापडदुकानाची आहे. मी तिथे बरेच दिवस टांगून होतो. गिऱ्हाईक यायचं, अंगठ्याने माझं कापड चोळायचं, मला अंगात घालून आरशापुढे गिरक्या घ्यायचं, "छान आहे" म्हणायचं आणि शेजारचा चमचमता मरून सूट घेऊन निघून जायचं. गोड बोलण्यावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

एके दिवशी तिघेजण आले. पुढे हैबतीआबा, वाडीच्या गावकीचे प्रमुख. मागे रितेश, महाडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र शिकून नुकताच बाहेर पडलेला किडकिडीत पोरगा. आणि त्याच्या दुप्पट अंगाचा प्रवीण, जो मुंबईला नोकरी करत होता आणि लग्नाचा होता. मला वाटलं, दोघांपैकी एकाला सूट हवा असेल. पण प्रकार निराळाच निघाला.

त्याचं असं, की त्या वाडीत लग्नकार्याची मोठी भांडी गावकीची असतात. कुणाच्या घरी कार्य निघालं की पातेली, पराती न्यायच्या आणि घासूनपुसून परत आणून द्यायच्या. हल्ली पोरांना मुलाखतीला, साखरपुड्याला सूट लागू लागला होता. एकेकट्याने घ्यायचा तर परवडत नव्हता. मग बैठकीत ठरलं, की भांड्यांसारखा सूटही गावकीचाच घ्यावा. एकच सूट, एकच बूट, आणि सगळ्या पोरांना चालेल असा.

हैबतीआबांइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगू, म्हणूनच ते मला आवडले. मरून सूट त्यांनी हातही न लावता बाद केला; एकदा घातला की दुसऱ्यांदा सगळे ओळखणार म्हणाले. काळ्यावर धूळ दिसते म्हणाले. मला त्यांनी दुकानाबाहेर उन्हात नेऊन रंग पाहिला, बाही मुठीत घट्ट चुरगाळली आणि सुरकुती जाते का ते बघत उभे राहिले. निळा मुलाखतीलाही शोभतो आणि मांडवातही, कोट साध्या पँटीवर वेगळाही घालता येतो, हे त्यांना पटलं. बुटांचंही तसंच. टोकदार चकचकीत जोड त्यांनी बाजूला सारला. गोल टोकाचा, नाडीचा, साधा काळा जोड उचलला, वाकवून पाहिला, वास घेतला, तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला हे नखाने तपासलं. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

इथवर सगळं शहाणपणाचं झालं. घोळ मापात झाला. पातेलं जसं सगळ्यात मोठ्या पंगतीला पुरेल असं घेतात, तसा आबांनी सूटही सगळ्यात जाड पोराच्या, म्हणजे प्रवीणच्या मापाचा घेतला. मोठं असलं की सगळ्यांना होतं, हा त्यांचा हिशोब. बूटही त्याच्याच पायाचे.

वाडीत आल्यावर आमची किल्ली ठकूबाईंकडे गेली. गावकीच्या भांड्यांची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. वयाने आबांपेक्षा थोरल्या, नात्याने त्यांच्या वहिनी. बाई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या, अख्ख्या वाडीला त्यांच्याच गोधड्या. आबांनी नियम सांगितला, की भांड्यावर जसं कुणी आपलं नाव घालत नाही, तसं सुटाला कुणी कात्री लावायची नाही. ज्याने लावली त्याच्या घरी गावकीचं भांडं जाणार नाही. मला हा नियम फार आवडला. ठकूबाई मात्र हात फिरवत माझं अस्तर निरखत होत्या. त्यांची ती नजर मला बरी वाटली नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईने चांगल्या कापडाकडे असं बघावं?

पहिल्या मुलाखतीला रितेश मला घालून महाडच्या औद्योगिक वसाहतीत गेला. औषधांची कंपनी होती, प्रयोगशाळेत जागा होती. मित्रांनो, काय सांगू त्या दिवसाचं! बाह्यांत त्याची बोटं बुडाली. बूट चालताना फटक फटक वाजत होते. पँट पट्ट्याने आवळूनही खाली येत होती. साहेबांनी काही विचारलं की पोरगा एका हाताने माझी कंबर मुठीत धरायचा आणि येत असलेलं उत्तर विसरायचा. साहेब त्याच्याकडे संशयाने बघत राहिले. नोकरी हुकली. घरी त्याने उत्तरं आली नाहीत एवढंच सांगितलं, माझं नाव काढलं नाही.

परत आल्यावर आबांनी मला दुकानातल्यासारखा तपासला. बटणं मोजली, खिसे उलटे केले, काखेचा वास घेतला आणि "ठीक हाय" म्हणाले. ठकूबाईंनी तपासलं नाही. त्यांनी फक्त माझ्या कमरेवरची चुरगळलेली जागा पाहिली, त्यावर आपली मूठ ठेवून पाहिली आणि पेटी लावली.

रितेशला दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं. या खेपेला जमलं नाही तर त्याला मुंबईला मामाच्या ओळखीने गोदामात माल उचलायला जावं लागणार होतं, तसं घरात ठरूनच गेलं होतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळी वाडी शेतावर असताना पेटीचं कुलूप वाजलं. ठकूबाई! त्यांनी मला उचललं, पदराखाली झाकलं आणि इकडेतिकडे बघत आपल्या घरी नेलं. ओटीवर अर्धवट गोधडी पसरलेली, शेजारी सुई, दोरा आणि ही एवढी कात्री. माझ्या तर अस्तराला घाम फुटला. संपलं, म्हटलं. आता आपले चौकोनी तुकडे होणार आणि उद्यापासून कुणाच्या तरी अंगाखाली पडायचं.

पण त्यांनी रितेशला हाक मारून आत घेतलं आणि मला त्याच्या अंगात घातलं. बाह्या आत दुमडून टाचल्या, कंबर मागून आत घेतली, पायाचे घोळ वर घेतले. बुटांच्या टोकात गोधडीच्या चिंध्या कोंबल्या. कात्री फक्त दोरा तोडायला लागली. पोरगा घाबरून आबांचं नाव काढू लागला तर त्या म्हणाल्या, "तू उत्तराकडं बघ रे बाळा. पँटीकडं मी बघते."

सकाळी एसटीच्या थांब्यावर आबांनी रितेशला पाहिलं आणि तिथेच थबकले. सूट नीट बसला होता, हाच मोठा पुरावा. संध्याकाळी रितेश परत आला तेव्हा समाजमंदिरात बैठक भरलेलीच होती. मला मध्ये चटईवर पसरलं. आबांनी आखूड झालेली बाही वर धरली आणि कुणी कापला म्हणून विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रवीण मुद्दाम रजा काढून आला होता, रविवारी त्याचा साखरपुडा होता. आता मी काय घालू, असं तो वैतागून विचारत होता. रितेश खाली मान घालून उभा राहिला. त्याला नाव माहीत होतं, पण त्याने तोंड उघडलं नाही. आबांनी ठरावच सांगितला, की याच्या घरी यापुढे गावकीचं भांडं जाणार नाही. रितेशची आई रडू लागली. मलासुद्धा फार वाईट वाटलं, पण पेटीतल्या वस्तूचं कोण ऐकतं?

तेवढ्यात मागून ठकूबाई उठल्या. "मी केलाय भावजी," त्या म्हणाल्या. "त्याला कायपन बोलू नका."

त्या चटईवर बसल्या, कमरेजवळची गाठ कात्रीने तोडली आणि दोरा ओढला. सगळाच्या सगळा दोरा सरकन हातात आला. पँट पुन्हा होती तेवढी रुंद झाली. मग बाह्या, मग पाय. कापडाला कुठे चीर नाही, कुठे भोक नाही. कच्चा टाका होता तो. त्यांनी मला प्रवीणपुढे धरलं आणि घालून बघायला सांगितलं. सूट त्याला जसा दुकानात बसला होता तसाच बसला.

"वयनी, पन नियम..." आबा पुटपुटले.

"सगळ्यांचा सूट म्हनता ना?" ठकूबाई म्हणाल्या. "मंग सगळ्यांना बसाया नको? आतापत्तर तो एकल्या प्रवीणचाच व्हता."

 आबांनी प्रवीणने उतरवलेली पँट हातात घेतली, उजेडाकडे धरून टाक्यांची जागा न् जागा तपासली. शेवटी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि म्हणाले, की मी बी एकदा घालून बघू का? तेव्हा सगळे हसले. भांडी बंद करायचा ठराव तिथेच मोडला.

रितेशला ती नोकरी लागली. आता तो कंपनीजवळ बिरवाडीला खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला मोटरसायकलवरून वाडीत येतो. त्यानंतर किती पोरांनी मला घातलं! कुणी जाड, कुणी बारीक, एकाचा तर खांदाच तिरका होता. प्रत्येकाच्या कार्याच्या आदल्या दिवशी ठकूबाईंनी मला टाचलं आणि परत आल्यावर दोरा ओढून मोकळं केलं.

आता मी विटलो आहे. कोपरावर लकाकी आली आहे, बुटांचे तळ दोनदा बदलून झाले. आबा थकलेत, पण मी परत आलो की काखेचा वास अजून घेतात. मित्रांनो, गावकीची वस्तू हातात आली तर ती जपा, डाग पाडू नका, धुऊन वाळवून परत द्या. आणि कुणाला ती देताना त्याच्या अंगाला बसते का, तेही बघा. तो लाजून सांगणार नाही.

ठकूबाईंना हल्ली सुईचं नेढं दिसत नाही. म्हणून रितेश सुट्टीला आला की आधी त्यांच्या ओटीवर बसतो, डबीतल्या सगळ्या सुया ओवतो आणि दोऱ्यांना गाठी मारून सुयांच्या छोट्या उशीत टोचून ठेवतो. परवा प्रवीणच्या धाकट्या भावासाठी मला बाहेर काढलं. ठकूबाईंनी कात्री उचलली. माझा स्वभाव काही गेलेला नाही, कुणाच्याही हातात कात्री दिसली की मी अजून आकसतो. पण त्यांच्या हातात दिसली तेव्हा मी बाह्या सैल सोडल्या.