मामंजी बसले

झाकण बदलायचं राहून गेलं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा मामंजी चौथ्या डब्यासमोर बसले होते आणि बक्षिसाचं बिस्कीट त्यांच्या पोटात गेलंसुद्धा होतं.

मामंजी म्हणजे कुत्रा. तपकिरी, ओघळलेल्या गालांचा, कायम कुणावर तरी नाराज असल्यासारखा. इस्पितळाच्या मागच्या लांबट खोलीत तो वर्षानुवर्षं एकच काम करत आला होता. रुग्णाने तोंडावर धरलेला कापसाचा बोळा डब्यात ठेवायचा, असे सहा डबे ओळीने मांडायचे आणि याने एकेक हुंगत जायचं. ज्याच्या फुफ्फुसात गाठ धरू लागली असेल त्याच्या डब्यासमोर हा बसे. यंत्राला दिसायच्या आधी याला कळे. लांबलांबचे डॉक्टर त्याला बघायला येत, फोटो काढत. त्या फोटोंत बाईंचा फक्त हात असे, पट्टा धरलेला.

नाव बाईंनीच ठेवलं होतं. पुढ्यात काहीही आलं की आधी नाकाने तपासायचं आणि मग सुनेकडे बघायचं, ही त्यांच्या सासऱ्यांचीच तऱ्हा. सासरे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याला राग आला होता, पण इस्पितळात ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठे डॉक्टरसुद्धा विचारत, "काय, मामंजी बसले का?"

डब्यांना झाकणं दोन. एरवी घट्ट बसणारं, आणि हुंगवताना भोकांचं. सरावासाठी आजारी माणसाचा बोळा चौथ्या डब्यात होता, पण त्यावर घट्ट झाकण तसंच होतं; वास बाहेर येणं शक्य नव्हतं. बाईंनी ते दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं. मग सगळे डबे रिकामे केले, धुतले, पुसले आणि परत मांडले. आत काहीच नाही. दुसऱ्या डब्यात आहे असं त्यांनी मनाशी धरलं आणि पट्टा हातात घेतला. मामंजी पहिल्यावरून पुढे गेले, दुसऱ्यापाशी थांबले आणि बसले. बाईंना तेव्हा कळलं की त्यांनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता.

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत होते, ते आणखी दुखले.

सरावाचे डबे मांडायचे एकाने आणि कुत्रा फिरवायचा दुसऱ्याने, असा नियम होता. पण मांडणारी मुलगी नोकरी सोडून गेली, तिची जागा भरायची राहिली, आणि दोन्ही कामं बाईंच्याच गळ्यात पडली. कुठल्या डब्यात काय आहे हे त्यांना ठाऊक असे. मामंजी सरावात कधी चुकत नव्हते. खऱ्या रुग्णांच्या डब्यांवर मात्र ते अलीकडे फारसे बसलेच नव्हते. यंदा लोकांचं नशीब बरं दिसतंय, असं सगळे म्हणत होते. ती माणसं निर्धास्त होऊन आपापल्या घरी गेली होती.

बाईंना सासरे आठवले. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं होतं, पण त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पावलांवरून माणूस ओळखायचे आणि सकाळी वर्तमानपत्र समोर धरून बसायचे. एकदा ते उलटं धरलेलं बाईंनी पाहिलं. चहा ठेवता ठेवता त्यांनी ते हळूच सरळ केलं आणि काही बोलल्या नाहीत. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. म्हाताऱ्याची झाकली मूठ तशीच गेली. तेव्हा गप्प बसणं सोपं होतं, कारण त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मोठे डॉक्टर आपल्या खोलीत उभ्या उभ्या जेवत होते. बाईंनी सगळं सांगितलं. सर्दी असेल, असं ते म्हणाले. मग म्हणाले, वार्षिक तपासणी जवळच आली आहे, तेव्हा सन्मानाने निवृत्त करू, छोटासा समारंभ करू, हार घालू.

"आणि घरी गेलेली माणसं?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला.

"सगळ्यांना परत बोलवायचं म्हणता?"

"हो."

"लोक आपल्याला फाडून खातील, बाई."

"खाऊ देत. माझंही नाव सांगा. डबे मीच मांडत होते."

डॉक्टरांनी हात धुतले आणि स्वतः डबे मांडले. बाईंना त्यांनी बाहेर उभं केलं आणि पट्टा दुसऱ्या विभागातल्या परिचारिकेच्या हातात दिला. कुठल्या डब्यात काय, हे तिला माहीत नव्हतं. दाराच्या काचेतून बाईंनी पाहिलं. मामंजी सगळ्या डब्यांवरून नाक फिरवत गेले. टोकाला पोचल्यावर त्यांनी मान वर करून परिचारिकेच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. परत उलटे आले, पुन्हा वर बघितलं, आणि शेपूट खाली घालून मध्येच उभे राहिले. डॉक्टर आत जाऊन खाली वाकले. कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुरे झालं, मामंजी. पुरे." त्याच दुपारी त्यांनी घरी गेलेल्या रुग्णांना फोन लावायला घेतले.

निवृत्त कुत्रे शहराबाहेरच्या निवाऱ्यात जात. सांभाळणाऱ्याने घरी नेलं तरच सुटका. नवऱ्याने ही गोष्ट कधीच निकालात काढली होती: दोन खोल्या, तिसरा मजला आणि त्यात कुत्रा, जमणार नाही. बाईंनी त्याला फोन केला नाही. भांडायचं त्राण नव्हतं, आणि विचारलंच नाही तर समोरच्याला नाही म्हणता येत नाही, एवढी अक्कल संसाराने दिली होती. संध्याकाळी मामंजींना घेऊन त्या घरचा जिना चढल्या; दर मजल्यावर दोघं थांबले. कोण जास्त दमलं होतं ते सांगणं कठीण होतं.

नवऱ्याने दार उघडलं. कुत्र्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.

"नाक गेलं त्यांचं," बाई म्हणाल्या. "वासच येत नाही. माझ्याकडे बघून बसत होते इतके दिवस."

नवरा म्हणाला, "बाबा वर्तमानपत्र धरायचे तसं."

बाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सरळ तू केलंस. रोज वाचून मी दाखवायचो. मोठ्याने, आपलं आपल्यालाच वाचतोय असं." तो दारातून बाजूला झाला. "घे आत. खिडकीखालची जागा रिकामीच आहे."

त्याने वाडग्यात खाणं कालवून भिंतीशी ठेवलं. मामंजी खोलीभर फिरले. खुर्चीपाशी गेले, पलंगापाशी गेले, वाडग्याच्या अगदी जवळून पुढे निघून गेले. भुकेले होते, पण पत्ता लागत नव्हता. नवरा वाडगं उचलून त्यांच्या तोंडापुढे धरायला निघाला, तेव्हा बाईंनी हातानेच त्याला थांबवलं.

त्या वाडग्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी श्वास रोखून धरला.

मामंजींनी मान वळवली. हळूहळू चालत आले, बाईंच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं, आणि वाडग्यासमोर बसले.