उत्तरदाता क्रमांक सात

"उत्तरदाता क्रमांक सात. पूर्वी हातमाग विणकर, सध्या सुरक्षारक्षक," मोनाली व्यासपीठावरून वाचत होती. शेवटच्या रांगेतल्या चंपतराव नंदनवारांनी चमकून आजूबाजूला पाहिलं. कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

जागतिकीकरण आणि समाज या विषयावरचं चर्चासत्र होतं. लेकीचा पहिलाच शोधनिबंध, म्हणून त्यांनी मॉलच्या गेटवरची ड्यूटी बदलून घेतली होती. सकाळी एक प्राध्यापक म्हणाले, बाजार खुला झाला आणि विणकरांच्या मुलांना नवी दारं उघडली. दुसरे म्हणाले, त्याच बाजारानं टिमकीच्या विणकर वस्तीतले माग बंद पाडले. चंपतरावांना दोघांचंही पटत होतं, म्हणूनच त्यांना बसवत नव्हतं. माग मोडला त्याच वर्षी मोनाली कॉलेजात गेली होती.

"माग गेल्यावर कित्येक महिने झोपेत क्रमांक सातचे पाय हलत, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे..."

चंपतराव उठून व्हरांड्यात आले. वाचन संपताच मोनाली मागोमाग धावली.

"काहून उठले बाबा? बरं नाही वाटून राह्यलं का?"

"माह्यं नाव टाकाले लाज वाटली का वं तुले?"

"लाज कायची? नियम आहे तसा. माहिती देणाऱ्याचं नाव लपवा लागते. त्याच्याच भल्यासाठी."

"लपवाले मी का चोरी केली? बाया दुकानात जाऊन नावानं मागत. चंपतचं लुगडं दाखवा म्हनत. अन् तू नंबर देते मले?"

तेवढ्यात प्रश्नोत्तरांसाठी आतून बोलावणं आलं.

बाहेरगावचे एक अभ्यासक उभे राहिले. "झोपेत पाय हलण्याची गोष्ट जरा रंगवलेली वाटते. खातरजमा कशी केलीत?"

मोनालीनं मार्गदर्शक चिन्मयी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हळूच मान हलवली, नको म्हणून.

"सर, मी त्याच खोलीत झोपत होते," मोनाली म्हणाली. "ते माझे वडील आहेत. चंपतराव नंदनवार."

सगळे दाराकडे वळले. चंपतराव तिथंच उभे होते. त्यांनी हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या भेट मला," एवढंच त्या मोनालीला म्हणाल्या.

संध्याकाळी स्कूटीवर मागे बसल्यावरही चंपतरावांना चैन नव्हतं.

"मॅडम रागावन का?"

"रागावल्याच. तो भाग काढून टाक म्हनतीन."

"मंग?"

"पाहू."

सिग्नल सुटला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मी सातवा, तं बाकीचे सहा कोन?"

"ते नाही सांगता येत बाबा. त्यांनीच नको म्हटलं."

पुढचा चौक आला तसे ते मागून तिच्या कानाशी झुकले.

"कोराडीच्या वीजकेंद्रात राखेच्या ट्रकवर आहे म्हनून तू वाचलं, तो रामाजी हेडाऊ."

मोनालीनं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"मोमोची गाडी लावते, तो निनावेचा धाकटा. अन् नातवंडं सांभाळाले पुण्याले गेली, ते तारा पराते. तिच्यासारखा काठ कोनाले जमत नव्हता वं."

रस्त्यावरच्या गोंगाटात ते आता मोठ्यानं एकेक नाव घेऊ लागले. चुकलं की स्वतःच दुरुस्त करत होते. मागून गाड्या हॉर्न देत होत्या. मोनालीनं स्कूटी डाव्या कडेला घेतली आणि वेग आणखी कमी केला.