गुळाचा कौल

एक भीमा सोडला, तर आमच्या भैरवनाथ फुटबॉल क्लबातून एकही खेळाडू मोठ्या संघात गेला नाही. शेजारच्या बेलापूरची मंडळी म्हणायची, "तुमचा क्लब म्हणजे उंदराचा पिंजरा. आत शिरायला वाट, बाहेर पडायला नाही." मी क्लबाचा चिटणीस, शिवाय गावच्या शाळेत मास्तर. लोकांचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, हे दोन्ही कामांत पहिल्या दिवशीच शिकावं लागतं. मी हसून सोडून द्यायचो. पण पिंजऱ्याचं दार कोण लावून घेतं, हे सबंध गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

नियम असा होता, की मुंबई-पुण्याच्या संघाला आमचा खेळाडू हवा असेल तर क्लबानं ‘हरकत नाही’ असं पत्र द्यायचं. त्याशिवाय तिकडे नाव नोंदवून घेत नसत. अठ्ठावन्न साली पुण्याच्या एका कारखान्याच्या संघानं आमचा गोलकीपर भीमा मागितला. आम्ही वाजतगाजत त्याला एस.टी.त बसवलं. चार महिन्यांनी त्याचं प्रेत आलं. विषमज्वर झाला होता म्हणे. त्याची आई मालनबाई मैदानाच्या मधोमध येऊन बसली ती दिवस मावळेपर्यंत उठली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "देवाला इचारलं हुतं का कुनी?" कोणीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून ठरलं, भैरवनाथाचा कौल घेतल्याशिवाय कोणाला पत्र द्यायचं नाही.

कौल लावायची रीत सोपी. देवाच्या छातीवर कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग समोर बसून राहायचं. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. आता पाकळ्या लावायच्या कोणी? गुरव कोणाच्या तरी शब्दातला, पाटील कोणाचा तरी मामा. गावात भावकी नसलेलं घर आमचं एकच. माझे वडीलही मास्तर होते, आणि मास्तरांच्या घरात खोटं बोलत नाहीत अशी आमची ख्याती. तेव्हा पाकळ्या मी लावायच्या, असं एकमतानं ठरलं. चोराच्या हाती किल्ली देण्यासाठी एवढी मोठी बैठक मी दुसरी पाहिली नाही.

चौसष्ट साली मुंबईच्या एका गिरणीनं सहादेव मागितला. सहादेव तेव्हा आमचा सेंटर फॉरवर्ड. जिल्ह्याच्या ढालीची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती, आणि सहादेवशिवाय आमचा संघ म्हणजे मिठाशिवाय आमटी. त्या सकाळी मी गुळाचा खडा ओला करून उजव्या पाकळीच्या मागून फिरवला. डावी गळाली. ढाल आम्ही जिंकलो नाही, हेही सांगून टाकतो. दुसऱ्याच फेरीत हरलो. अडुसष्ट साली रेल्वेनं राधाकृष्ण मागितला, तेव्हाही तेच केलं. पहिल्या खेपेला मला दोन रात्री झोप लागली नव्हती. दुसऱ्या खेपेला दुपारी जेवून घोरलो.

राधाकृष्णला पुढच्याच वर्षी उसाला पाणी देताना साप चावला आणि तो गेला. रेल्वेत असता तर तो त्या बांधावर कशाला गेला असता? सहादेव लोकांच्या विहिरींवर दगडाच्या पाट्या ओढायला लागला. बोटांना घट्टे पडले, पाठ वाकली. मी कुठंही दिसलो की टोपी सारखी करून म्हणायचा, "देवानं वाचिवलं, मास्तर. न्हाईतर भीमावानी झालं असतं." त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्र्याहत्तरचा मार्च आला. सलग दोन वर्षं पाऊस बुडाला होता. विहिरींचं पाणी खाली गेलं आणि माणसं त्याच्यामागे खाली निघाली. जिकडे तिकडे विहिरी खोल करायचं काम, दिवसभर सुरुंगांचे आवाज. शेजारच्या गावात सुरुंगानं दोघं गेले होते.

अशा वर्षी मुंबईच्या गिरणीच्या संघाकडून काकासाहेब नावाचे गृहस्थ आले आणि त्यांनी गोरक्षनाथ मागितला. गोरक्ष वीस वर्षांचा. बाप नाही, आई चांगुणाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. इतका चांगला खेळाडू आमच्या मैदानावर पुन्हा होणार नाही, सहादेवही त्याच्यापुढे फिका. काकासाहेब म्हणाले, "गिरणीत कायमची नोकरी, राहायला खोली. फक्त एकतीस मार्चच्या आत पत्र माझ्या हाती पडलं पाहिजे."

"कौल मिळाला तर मुंबई," गोरक्ष मला म्हणाला, "न्हाईतर सहादेवतात्याबरुबर सुरुंगावर. तात्यानं बोलून ठिवलंय."

मी त्याच रात्री पत्र लिहिलं, सही केली, क्लबाचा शिक्का मारला. हा पोरगा मी अडकवणार नव्हतो. सरळ कौल लावला असता तर? पण देवाच्या मनात काय आहे याची मला खात्री नव्हती. नऊ वर्षं गुळावर विश्वास ठेवलेल्या माणसाचा पाण्यावर बसत नाही.

पंचवीस तारखेला रविवार, भैरवनाथाचा वार. सगळा क्लब देवळात जमला. मी डाव्या पाकळीला गूळ लावला, चांगला दाट. उजवीला नुसतं पाणी, तेही थेंबभर. म्हटलं, घटकाभरात उजवी गळेल, दुपारच्या गाडीनं पोरगा मुंबईला.

घटका गेली. तास गेला. उजवी पाकळी कडेनं वळायला लागली, पण दगडाला धरून होती. चांगुणाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. मग कारभारी गुरव पुढं वाकला आणि म्हणाला, "आरं, द्येवाला मुंग्या."

खालून काळी रेघ वर चढत होती. पायांवरून, पोटावरून, सरळ डाव्या पाकळीकडे. दुष्काळात माणसाला गूळ मिळेना, तिथं मुंग्यांना कसा मिळणार? चांगल्या सालात एक मुंगी देवाकडे फिरकली नव्हती. त्या वर्षी सगळं देऊळ उपाशी होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाच्या अंगाला कौल चालू असताना हात लावायचा नाही अशी रीत, म्हणून मला नुसतं पाहत बसावं लागलं. पाकळी काळी झाली, हलली, आणि मुंग्यांसकट खाली पडली.

डावी.

चांगुणाबाईनं जमिनीला डोकं टेकलं. गोरक्ष उठला, देवाला हात जोडले आणि सहादेवला म्हणाला, "तात्या, उद्यापासून येतो."

तेव्हा मी उठून उभा राहिलो. "थांबा. हा कौल खोटा आहे. पाकळीला मी गूळ लावला होता. या पोरानं जावं म्हणून."

देवळात कुजबुज झाली. सहादेव माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्यानं शांतपणे विचारलं, "कोनत्या पाकळीला लावला, मास्तर?"

"डाव्या."

"आन् पडली बी डावीच."

"अरे, मुंग्यांनी गूळ खाल्ला म्हणून पडली!"

"मुंग्या कुनी धाडल्या?" सहादेव म्हणाला. "तुमी गूळ लावून बी देवानं न्हाईच म्हटलं. असला कडक कौल मी जल्मात पायला न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता एकच वाक्य उरलं होतं. ते बोललो असतो तर कौलावरचा गावाचा विश्वास मुळासकट उपटला असता, आणि गोरक्ष सुटला असता. ते वाक्य सहादेवबद्दल होतं. तो माझ्याकडे बघत होता, भोळ्या, मायाळू नजरेनं, आणि मी खाली बसलो. गावानं तर मला माफच करून टाकलं. पोराच्या मायेपोटी मास्तर चुकले, एक नारळ फोडा, विषय संपला.

दोन दिवस मी गोरक्षच्या घरी खेटे घातले. पत्र त्याच्या हातात कोंबलं. त्यानं ते दोन्ही हातांनी परत दिलं. चांगुणाबाई दारात येऊन म्हणाली, "तुमची माया कळती, मास्तर. पन देवाच्या म्होरं जाऊ नगा. माजा येकच हाय." मी तिला सांगू शकलो असतो. उंबऱ्यात उभा राहिलो, पाणी मागितलं, पिऊन परत आलो.

बुधवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी पुन्हा निघालो, थेट विहिरीवर. पत्र खिशात होतं, तारीख टळायला तीन दिवस होते. बांधावर पोचलो तेव्हा माणसं आडोशाला बसली होती. चार सुरुंग पेटवले आहेत, असं कोणीतरी मला खाली ओढून सांगितलं. एक वाजला. दुसरा वाजला. तिसऱ्यानं मातीचा लोट वर आला. आम्ही चौथ्याची वाट पाहत बसलो. विडी ओढून होते तेवढा वेळ गेला. चौथा वाजला नाही.

न उडालेल्या सुरुंगाजवळ दुसऱ्या दिवसापर्यंत जायचं नसतं, हे लहान पोरालाही कळतं. पण विहिरीचा मालक टँकरवर जगत होता आणि त्याला धीर नव्हता. "वात इझली आसंल," तो म्हणत होता. कोणी हलेना. तेवढ्यात गोरक्ष उठला.

"मी बघतो."

"येडा का खुळा?" एक जण म्हणाला.

"मला देवानं हितंच ठिवून घेतलंय," गोरक्ष हसून म्हणाला. "मुंबईला गेलो आसतो तर भ्या हुतं. हितं मला काय हुतंय?"

मी धावत विहिरीच्या काठाशी जाईपर्यंत तो दोराला धरून निम्म्यात उतरला होता. दोर सहादेवच्या हातात. खाली धुराळा होता, आणि त्यातून गोरक्षचं डोकं तेवढं दिसत होतं. त्याचे पाय तळाला टेकले. तो दगडांवरून वाकून पुढं निघाला.

"गोरक्षा, वर ये!" मी ओरडलो. "कौल खोटा होता! आजवरचे सगळे कौल खोटे होते! मी केले होते!"

विहिरीत माझा आवाज घुमला, शब्द एकमेकांत मिसळले. गोरक्षनं वर पाहिलं. "काय म्हनला, मास्तर?"

त्याला नीट ऐकू गेलं नव्हतं. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या सहादेवला गेलं होतं.

"समदे?" त्यानं विचारलं. "माजा बी?"

आता लपवून काय करणार होतो? "तुझासुद्धा. उजवीला गूळ लावला होता. ढालीसाठी."

सहादेव माझ्याकडे बघत राहिला. तो रागावला नाही, ओरडला नाही. त्याचा चेहरा फक्त म्हातारा झाला. मग त्यानं दोर माझ्या हातात दिला.

"वडा आता तुमीच," म्हणाला, आणि बांधाकडे चालू लागला.

खडूपेक्षा जड काही माझ्या हातानं कधी उचललं नव्हतं. मी टाचा रोवल्या. "दोर धर, गोरक्षा! वर ये, लवकर!" माझ्या आवाजात काहीतरी होतं, त्यानं खरंच दोर धरला. मी ओढला. एक हात, दोन हात, तीन हात. तळवे सोलून निघाले. खालून तो हसत म्हणाला, "दमानं, मास्तर, दमानं. तुमाला सवं न्हाई."

चौथा हात ओढला, आणि खाली सुरुंग उडाला. काठाची माती माझ्या पायाखाली थरथरली, डोळ्यांत धूळ गेली. मी ओढतच राहिलो. दोर एकाएकी हलका झाला होता.