न झालेल्या क्रिस्टलची पार्टी

त्या प्रयोगशाळेत एक रीत होती. ज्याच्या प्रथिनाचे क्रिस्टल, म्हणजे स्फटिक, पहिल्यांदा दिसतील, त्यानं त्याच संध्याकाळी सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं. एरवी कुणी कुणाला चहासुद्धा पाजत नसे. जो तो आपापला थर्मास घेऊन बसायचा. काडीला ही रीत चांगली ठाऊक होती. पण त्या दुपारी त्याच्या डोक्यात कॅप्टनशिवाय दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

काडी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होता. अंगकाठीवरून त्याला हे नाव पडलेलं. कॅप्टन त्याच्याच बरोबरची. फ्रिजमधला कुठला कप्पा कुणाचा, सूक्ष्मदर्शकावर आधी कोण बसणार, हे सगळं तीच ठरवायची आणि कुणी हूं की चूं करत नसे. पुढच्या आठवड्यात ती दोन वर्षांसाठी दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत निघाली होती. त्याआधी मनातलं बोललो नाही तर संपलंच, असं काडीनं स्वतःला बजावलं होतं.

तो सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसला होता. खाली ट्रेमध्ये प्रथिनाचे नेहमीसारखेच नितळ, एकही क्रिस्टल नसलेले थेंब. तो ते बघतही नव्हता. वाक्य जुळवत होता. जुळलं तेव्हा स्वतःशीच हसला. तेवढ्यात कॅप्टन आत आली.

"आज संध्याकाळी जेवायला येशील? चौकातल्या त्या नव्या हॉटेलात?"

कॅप्टननं त्याच्याकडे पाहिलं, सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं.

"काडी! खरंच?"

"खरंच."

"अरे मग असं मुळमुळीत काय विचारतोस? येणार म्हणजे काय, येणारच!" तिनं त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि जवळजवळ नाचतच बाहेर गेली.

काडी पाठ चोळत बसून राहिला. होकाराची थोडी शक्यता त्यानं धरली होती. नाचण्याची अजिबात धरली नव्हती.

संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलाशी बसला. दार उघडलं. निळ्या ड्रेसमधली कॅप्टन आत आली आणि काडी शर्ट नीट करत उठला. तिच्या मागून आजोबा आले. आजोबा म्हणजे आठ वर्षं पीएचडी करणारा सीनिअर. त्यांच्या मागून मॅडम, काडीच्या गाईड. आणि मॅडमच्या मागून त्यांचे दंतवैद्य यजमान, घरी स्वयंपाक नव्हता म्हणून.

"अभिनंदन!" आजोबांनी त्याला मिठी मारली. "लेका, दोन वर्षं तुझ्या प्रथिनानं छळलं रे तुला!"

"सगळ्यांना मी सांगितलं," कॅप्टन म्हणाली. "तू लाजून एकेकाला विचारत बसला असतास."

वेटरनं दुसरं टेबल जोडलं. दंतवैद्य काडीच्या आणि कॅप्टनच्या मधल्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि काडीच्या दाढांकडे निरखून बघू लागले. आत्ता खरं सांगावं तर कॅप्टनची फजिती. न सांगावं तर... काडीनं सूपमध्ये तोंड घातलं. जेवण उरकेल, सगळे घरी जातील, उद्या काहीतरी सुचेल.

"फोटो दाखव की," मॅडम म्हणाल्या.

"फोटो... लॅबमध्ये राहिला."

"असू दे. आकार काय आहे? नुसत्या सुया की चांगले चौकोनी?"

"दुपारी हा असा हसत होता ना," कॅप्टन म्हणाली, "की चौकोनीच असणार!"

मॅडमनी पर्समधून फोन काढला. "समितीला आजच तुझ्या कामाचा अहवाल जायचाय. एक ओळ टाकते. 'क्रिस्टल मिळाले.'" त्या एका बोटानं टाइप करू लागल्या.

काडी त्या बोटाकडे बघत राहिला. त्यानं आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या होत्या, पण निकालाबाबत एकही नाही.

"मॅडम, पाठवू नका." तो उभा राहिला. "क्रिस्टल झालेले नाहीत."

"मग हे जेवण कसलं?" दंतवैद्यांनी भरल्या तोंडानं विचारलं.

"मी फक्त हिलाच बोलावलं होतं."

आजोबांचा चमचा हवेतच थांबला. मॅडमनी ओळ पुसून टाकली. कॅप्टनचे कान लालबुंद झाले.

"आम्ही उठायचं का?" आजोबांनी हळूच विचारलं.

"आत्ताच तर मासा मागवलाय!" दंतवैद्य म्हणाले.

"अहो, तुम्ही गप्प बसा," मॅडम म्हणाल्या.

कॅप्टन काडीकडे बघत होती. "दुपारी मी एवढी नाचले, तेव्हा सांगायला काय झालं होतं तुला?"

"मला वाटलं, तू... जेवणासाठीच नाचतेयस. माझ्याबरोबरच्या."

मग तिनं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"डॉक्टर, तुम्ही मॅडमशेजारी या. आजोबा, त्या कोपऱ्यात. काडी, इकडे."

सगळे आपापल्या थाळ्या उचलून हलले. काडी तिच्या शेजारी येऊन बसला.

"यांच्यासमोर मी काही बोलणार नाही," ती म्हणाली.

"आम्ही ऐकत नाहीये," आजोबा म्हणाले.

"उद्या परत विचार," ती आवाज खाली आणून काडीला म्हणाली. "आणि या वेळी जेवण कशाबद्दल आहे ते आधी सांग. मग मी नाचायचं की नाही ते ठरवीन."

"उद्या सकाळी विचारू?"

"सकाळी सूक्ष्मदर्शकावर माझा नंबर आहे. दुपारी विचार." तिनं पावाची टोपली त्याच्याकडे सरकवली. "आणि जेव आता. तोंड बघ किती एवढंसं झालंय."