त्या नवमीला मी पाटावर होतो

मित्रांनो, तुमच्या घरी मीटरच्या पेटीवर किंवा शिवणाच्या डब्यात एक पेचकस असेलच. तुम्ही त्याला स्क्रूड्रायव्हर म्हणता. मीही त्याच जातीचा, पण माझं काम वेगळं. मी बंदुकांच्या दुरुस्तीसाठी जन्मलो, आणि त्यातही एकाच स्क्रूसाठी. हल्ली मी घाटकोपरच्या एका दुकानातल्या खणात पडून असतो. मनात एक गोष्ट सलते आहे, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मला रामनाथकाकांनी घडवलं. त्यांचे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा लोखंड घासायची त्यांची एक झिजलेली कानस घरी आली. काकांनी ती तापवली, घासली आणि तिच्या पोलादातून मला काढलं. मूठ मालवणकडच्या फणसाच्या लाकडाची बसवली. काकांकडे बंदुका दुरुस्त करण्याचा रीतसर परवाना होता. बँकांचे पहारेकरी आपली दुनळी बंदूक घेऊन त्यांच्याकडे यायचे.

आम्ही चौदा भाऊ होतो, चौदा मापांचे. बाजारातल्या पेचकसाचं पातं टोकाकडे पाचरीसारखं निमुळतं होत जातं. ते स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेत वरवरच टेकतं, जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि खाचेच्या कडा फाडतं. कडा फाटली की स्क्रू घट्ट बसला की नाही, हे हाताला कळत नाही. म्हणून काकांनी आमची टोकं दोन्ही बाजूंनी सरळ घासली होती. रुंदी खाचेएवढी, जाडीही खाचेएवढी, जराही हालायला जागा नाही. नवा माणूस घाईने कुठलाही पेचकस उचलू लागला की काका त्याच्या हातावर चापट मारायचे. "आधी खाच बघ. तिला कोण हवाय ते तिला विचार," असं म्हणायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू, थोडी घमेंडही होती.

माझा स्क्रू बंदुकीच्या पोटात होता. घोडा उचलून ठेवला की त्याला अडवून धरणारा एक लहानसा तुकडा असतो, त्या तुकड्याला पकडून ठेवणारा हा स्क्रू. तो ढिला राहिला तर चापाला बोट न लावताही घोडा पडून गोळी सुटू शकते. इतकं जोखमीचं काम माझ्याकडे होतं.

सहा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. काकांच्या मुलीने, अनुपमाने, आम्हा चौदा जणांना पुसून पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. पूजा झाल्यावर हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, असा त्या घरचा शिरस्ता. दुपारी सहदेव आला. तो मुलुंडच्या एका बँकेवर पहारेकरी, काकांच्याच मालवणकडच्या गावचा. बंदूक त्याची स्वतःची होती. घोडा नीट अडकत नाही, अशी त्याची तक्रार होती.

"काका, आज सुट्टी घेवन इलंय. उद्यापासून परत ड्युटी आसा," तो म्हणाला.

काकांनी पाटाकडे पाहिलं. "हत्यारां पूजेत आसत रे."

"एकाच स्क्रूचा काम आसा ना?"

काका उठले. मग दुकानामागच्या घरात गेले आणि स्वयंपाकघरातला पेचकस घेऊन आले. कुकरचा कान ढिला झाला की वापरायचा, तो. मी दोन हातांवर होतो, मित्रांनो. पातं खाचेतून उसळल्याचा आवाज मी दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा काकांनी "च्" केलं, थोडा जोर लावला आणि म्हणाले, "स्क्रू बसलो." तो बसला नव्हता. तो आवाज मला ओळखीचा होता, पण मला बोलता येत नाही आणि माझ्या अंगावर फुलं होती.

नऊ दिवसांनी बँकेची पायरी उतरताना सहदेवच्या हातातल्या बंदुकीला जरासा हिसका बसला. बंदूक आपोआप उडाली. नळी जमिनीकडे होती म्हणून कुणाचा जीव गेला नाही. सहदेवच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

पुढच्या आठवड्यात त्याला पहाऱ्यावर नेमणाऱ्या सुरक्षा कंपनीचा अधिकारी चंद्रप्रकाश ती बंदूक घेऊन काकांकडे आला. "काका, फक्त एवढं लिहून द्या, बंदुकीत दोष होता की माणसाने चापावर बोट ठेवलं होतं. पुढचं आम्ही बघतो." तासाभराने येतो म्हणून तो चहा प्यायला गेला.

त्या दिवशी काकांनी मला उचललं. मी खाचेत उतरलो आणि मला तिच्या फाटलेल्या कडा लागल्या. स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. काकांच्या हाताला घाम सुटला होता, तो माझ्या मुठीत मुरला. त्यांनी मला फिरवलं, अर्धा फेरा, अगदी घट्ट. मग बारीक कानशीने कडा साफ केल्या. चंद्रप्रकाश परत आला तेव्हा कागद तयार होता. "बंदुकीत दोष आढळला नाही."

खरं लिहिलं असतं तर दुकानाचा परवाना गेला असता. मला ते कळतं. पण ज्या कामासाठी मला घडवलं, तेच काम करून मी एका माणसाला खोटं पाडलं. मी नेहमीसारखाच चपखल बसलो होतो, याची मला आजही किळस वाटते. बोट चापावरच होतं असं ठरलं, सहदेवचा बंदुकीचा परवाना रद्द झाला, नोकरी गेली. काकांनी मला पुन्हा कधी वापरलं नाही. खण उघडायचे, माझ्याकडे बघायचे आणि खण लावून घ्यायचे. पात्याखाली स्क्रू नसतानाही तो अर्धा फेरा मला जाणवत राहायचा.

यंदा काकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. सामान आवरत असताना सहदेव लंगडत आला आणि स्टुलावर बसला.

"काका, तुमी दुकान बंद करतास, मगे मी कोणाक इचारतलंय? म्हणान इलंय. तेवा माजा बोट चापार हुता काय? सगळे म्हणतत हुता. मी पण हो म्हटलंय. पण माका आठवत नाय."

काकांनी उघडा खण तसाच सोडला.

"नाय हुता," ते म्हणाले. "स्क्रू ढिलो रवलो, ती माजी चूक. आणि दाखलो मी खोटो लिवलंय. उद्या पोलीस ठाण्यात जावन खरा लिवन देतंय."

सहदेवने आपला उजवा हात पुढे धरला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"ज्या हाताचो भरवसो नाय, त्या हातान मी नातीक कधी उचलूक नाय, काका. दिशा तेवा वर्साची हुती. हात पसरून येय, मी बाजूक सरय. आता सात वर्सांची झाली." तो उठला. "आता ती येणा नाय."

दुसऱ्या दिवशी काका खरोखरच ठाण्यात गेले. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी खाच बघा, आणि हातात योग्य पेचकस नसेल तर काम उद्यावर टाका. दिवस सणाचा असला तरी आणि माणूस गावचा असला तरी. पण माझी खरी विनवणी निराळी आहे. हातून चूक झालीच, तर ती त्याच दिवशी सांगा. तुमच्या गप्प बसण्याने दुसरा कुणीतरी स्वतःच्याच हाताला भीत असेल, आणि त्याच्या घरातलं लहान मूल तेवढ्यात मोठं होऊन जाईल.